ऐंशीच्या पुढचा काटा

"मिस्त्री, गाडी ऐंशीच्या पुढं जायलीच नाही बघा." नांदेड-लातूरकडे पिकअप दुरुस्त करणाऱ्या माणसाला ही तक्रार नवी नसते. गाडी नवी, हप्ते चालू, इंजिनाचा आवाज खणखणीत. ८० पर्यंत काटा सरसर चढतो आणि तिथे अॅक्सिलरेटर जणू मेल्यासारखा होतो. पाय जमिनीला टेकवला तरी फरक पडत नाही. मागून एखादी इनोव्हा हॉर्न देत निघून जाते आणि ड्रायव्हरच्या मनात येतं, कंपनीने आपल्याला फसवलं. मग कुणीतरी सांगतं की अमुक ठिकाणी वायर काढून देतात, तमुक ठिकाणी लॅपटॉप लावून गाडी "खोलून" देतात.

कंपनीने फसवलेलं नाही. १५ एप्रिल २०१५ रोजी केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांतल्या ११८ व्या नियमात दुरुस्ती केली. त्यानुसार १ ऑक्टोबर २०१५ पासून तयार होणाऱ्या वाहतुकीच्या गाड्यांना वेगमर्यादक बसवणं सक्तीचं झालं. मर्यादा ताशी ८० किलोमीटर. डंपर, टँकर आणि शाळेच्या बससाठी तर ६० च. दुचाकी, तीनचाकी, छोट्या प्रवासी मोटारी, अग्निशामक गाड्या, रुग्णवाहिका आणि पोलिसांच्या गाड्या त्यातून वगळल्या. पिकअप मात्र मालवाहू म्हणून नोंदलेली, पिवळ्या पाटीची गाडी. ती सुटली नाही. पुढे ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने मोटारींना चौपदरी रस्त्यावर १०० आणि द्रुतगती मार्गावर १२० ची मुभा मिळाली. मालवाहू गाड्यांना दोन्हीकडे ८०, आणि दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर ६०. म्हणजे समृद्धी महामार्गावरची १२० ची पाटी पिकअपवाल्यासाठी लावलेलीच नाही. ती वाचून ज्याचा पाय खाली जातो तो दुसऱ्याची पाटी वाचतोय.

आता खरा प्रश्न. इंजिनात ८० च्या पुढे जायची ताकद आहे का? आहे, आणि भरपूर आहे. उदाहरणापुरते आकडे घेऊ. इंजिन मिनिटाला ३,२०० फेरे घेतंय, पाचव्या गिअरचं प्रमाण ०.८५, मागच्या एक्सलमधल्या क्राऊन-पिनियनचं ४.१ आणि चाक एका फेऱ्यात २.३ मीटर पुढे सरकतं. गुणाकार-भागाकार केला की वेग येतो ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर. हीच गाडी ८० ने जाते तेव्हा इंजिन मिनिटाला जेमतेम २,००० फेरे घेत असतं, म्हणजे आरामात असतं. ड्रायव्हरला हा आराम जाणवतो, आणि तिथेच त्याची फसगत होते. इंजिनाला त्रास नाही म्हणजे गाडीला त्रास नाही, असं तो धरून चालतो.

गिअरचं हे गणित कळलं की वेग वाढवायच्या दोन जुन्या युक्त्या आपोआप सुचतात. क्राऊन-पिनियन बदलायचं किंवा मोठे टायर घालायचे. दोन्हींनी सपाटीवरचा वेग वाढतो आणि चढावरची ओढ कमी होते. बालाघाटाच्या चढावर भरलेली गाडी जिथे तिसऱ्या गिअरवर निघायची, तिथे दुसरा टाकावा लागतो, क्लच जळतो. मोठ्या टायरचा आणखी एक छुपा दोष आहे. टायरचा घेर ५ टक्क्यांनी वाढला तर काट्यावर ८० दिसत असताना गाडी प्रत्यक्षात ८४ ने धावत असते.

इंजिनाची ताकद खाते ती मुख्यतः हवा. हवेला ढकलायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ८० वरून १०० वर जाताना वेग सव्वापट होतो आणि हवेसाठी लागणारी शक्ती जवळजवळ दुप्पट. समोरून तीन चौरस मीटरची, भरून तीन टनांच्या आसपास जाणारी पिकअप धरली तर ८० ला हवेसाठी साधारण ११ किलोवॉट आणि टायरांच्या घर्षणासाठी ७, असे १८ किलोवॉट लागतात. १०० ला हवेचे २१ आणि टायरांचे ९ मिळून ३० होतात. दर किलोमीटरला लागणारी ऊर्जा एक तृतीयांशाने वाढली. जास्त भारावर डिझेल इंजिन थोडं काटकसरीने चालतं, म्हणून डिझेलचा खर्च त्याच प्रमाणात वाढत नाही. तरी लातूर ते नांदेड या सुमारे १४० किलोमीटरच्या फेरीत दोन-तीन लिटर डिझेल केवळ हवेला अर्पण होतं. ज्याचं भाडं फेरीवर ठरलंय त्याने हा हिशेब मुकादमाकडे नको, स्वतःच्या खिशाकडे मांडावा.

पण डिझेल ही किरकोळ गोष्ट झाली. वेगाचा खरा हिशेब थांबताना होतो.

धावणाऱ्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि थांबायचं म्हणजे ती सगळी ऊर्जा ब्रेकच्या डिस्क आणि ड्रममध्ये उष्णता म्हणून ओतायची. तीन टनांची गाडी ८० वरून थांबवली की जेवढी उष्णता तयार होते तिच्यात उन्हाळ्यातलं माठाबाहेरचं अडीच लिटर पाणी उकळेल. १०० वरून थांबवली तर जवळजवळ चार लिटर. वेग वाढला एक चतुर्थांशाने, उष्णता वाढली निम्म्याहून जास्त. ब्रेकचे पॅड, लायनर, ड्रम यांचा आकार आणि ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कंपनीने गाडीचं वजन आणि ठरलेला वेग डोळ्यांसमोर ठेवून निवडलेला असतो. वेगमर्यादक काढणारा माणूस लॅपटॉपने इंजिनाचं गणित बदलतो. ड्रम तेवढेच राहतात.

अंतराचं गणित तर आणखी बोलकं आहे. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरू, आणि भरलेल्या गाडीचा ब्रेक बऱ्यापैकी चांगला आहे असं मानू, म्हणजे दर सेकंदाला वेग सेकंदाला ५ मीटरने कमी होतोय. ६० ने चाललेली गाडी ४४ मीटरवर थांबते, ८० ने चाललेली ७२ मीटरवर आणि १०० ने चाललेली १०५ मीटरवर. आता दोन पिकअप शेजारी-शेजारी धावताहेत असं समजा, एक ८० ने, दुसरी १०० ने. समोर दुभाजकाच्या तोंडातून ट्रॅक्टर आडवा आला. दोघांनी एकाच क्षणी ब्रेक दाबला. पहिली जिथे पूर्ण थांबते, तिथे दुसरीचा वेग अजून ताशी ६५ असतो. वीस किलोमीटरच्या फरकाची किंमत ही पासष्टची धडक आहे. हा आकडा ज्याला पटत नसेल त्याने शाळेतलं गतीचं समीकरण काढून स्वतः करून पाहावं. मला तो पहिल्यांदा खरा वाटला नव्हता.

आणि ट्रॅक्टर आडवा येणं ही आपल्याकडे कल्पनाविलासाची गोष्ट नाही. तुळजापूरहून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, अर्धापूर करत यवतमाळ-वर्ध्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ हा या भागाचा कणा. रस्ता चौपदरी झाला, गावं मात्र आहेत तिथेच राहिली. शेत रस्त्याच्या एका बाजूला, घर दुसऱ्या बाजूला. यू-टर्न लांब असला की मोटारसायकल उलट्या बाजूने येते. दिवाळीनंतर ऊस सुरू झाला की मागचे दिवे नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या अंधारात पुढे उभ्या ठाकतात. सोयाबीनच्या सुगीत डांबराची एक कड म्हणजे खळंच. त्यात आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ता कालांतराने लाटांसारखा वरखाली होतो. ७० ला ही लाट नुसती जाणवते, १०० ला मागची चाकं क्षणभर हलकी होतात. हलक्या झालेल्या चाकाचा ब्रेक काही कामाचा नसतो.

मागच्या चाकांच्या ब्रेकबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे आपल्याकडची एक सार्वत्रिक सवय आडवी येते. मालवाहू गाडी रिकामी असताना मागचा भाग हलका असतो. तेव्हा मागच्या ब्रेकला पूर्ण दाब दिला तर चाकं लॉक होऊन गाडी फिरते. गाडी भरलेली असताना मात्र मागच्या ब्रेकने पूर्ण काम करायला हवं. म्हणून बहुतेक पिकअपच्या मागच्या एक्सलजवळ एक झडप असते. मिस्त्री तिला एलएसपीव्ही म्हणतात. झडप चासीवर बसवलेली आणि तिची दांडी एक्सलला जोडलेली. माल भरला की चासी खाली बसते, दांडी हलते, झडपेला कळतं की गाडी भरली, आणि ती मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडते. साधी, विजेशिवाय चालणारी आणि हुशार योजना.

आता आपण काय करतो? गाडी घेतल्यावर आधी पाटे वाढवतो. दीड टनाच्या गाडीत अडीच टन बसावा म्हणून मागे एक-दोन पाटे जादा घालतो. माल भरला तरी चासी खाली बसत नाही. झडप बिचारी समजते की गाडी रिकामी आहे आणि मागच्या ब्रेकला रिकाम्या गाडीइतकाच दाब देते. सगळं ओझं पुढच्या ब्रेकवर येतं. ब्रेक दाबला की गाडी नाक खुपसते, मागचा माल पुढे सरकतो, पुढच्या डिस्क तापून निघतात. ड्रायव्हर म्हणतो, ब्रेक लागायला वेळ लागतोय. मिस्त्री पॅड बदलतो. दोष पॅडमध्ये नसतोच. अशा गाडीचा वेगमर्यादक काढणं म्हणजे ऐंशीला जी आधीच कमी पडतेय तिला शंभरावर नेणं. पाटे वाढवलेली गाडी आणि खोललेला वेग या दोन गोष्टी एकाच गाडीत असतील तर मी त्या गाडीच्या पुढेही चालणार नाही आणि मागेही.

टायरवर सगळं लिहिलेलं असतं, वाचत मात्र कुणी नाही. बाजूच्या भिंतीवर मापानंतर एक आकडा आणि एक इंग्रजी अक्षर असतं. आकडा वजनाचा: १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०८ म्हणजे १,००० किलो. अक्षर वेगाचं: एल म्हणजे १२०, एन म्हणजे १४०, क्यू म्हणजे १६०. एल वाचून कुणी खूश होईल, शंभरला अजून वीस बाकी आहेत म्हणून. पण ही मर्यादा योग्य हवा, योग्य वजन आणि धडधाकट टायर धरून दिलेली असते. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त मुडपते, मुडपण्याने तापते, आणि मेमध्ये डांबर आधीच चटके देत असतं. वेग वाढला की मिनिटातली मुडपणी वाढते. रिमोल्ड टायरचा पट्टा सोलून निघतो तो बहुधा अशाच दुपारी. टायरवर चार आकड्यांचा आणखी एक शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं. हा शिक्का वाचायला मिस्त्री लागत नाही.

मालाच्या उंचीचा विषय नांदेड जिल्ह्यात निघाला की माळेगावची यात्रा आठवतेच. लोहा तालुक्यात खंडोबाच्या या यात्रेत घोडे, उंट, गाढवं येतात, लाल कंधारी आणि देवणी जनावरांचा बाजार भरतो, आणि ती जनावरं नेतात पिकअपच. हौद्यात उभं असलेलं जनावर म्हणजे उंचावर ठेवलेलं आणि स्वतःहून हलणारं ओझं. दोन चाकांमधलं अंतर १.४ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून १.४ मीटर उंच असेल तर गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या बळाने बाजूला ढकललं की गाडी कलंडायच्या काठावर येते. दीडशे मीटर त्रिज्येच्या वळणावर ६० ने जाताना हे बळ त्याच्या पाव हिश्शापेक्षाही कमी असतं, ८० ला एक तृतीयांश, आणि १०० ला अर्ध्याच्या पुढे जातं. गाडी सरळ रस्त्यावर कितीही स्थिर वाटली तरी वळणावर हा हिशेब चुकवता येत नाही. घाबरलेला बैल बाहेरच्या बाजूला रेलला तर काठ आणखी अलीकडे येतो. टोमॅटोची कॅरेट केबिनच्या वर चार थर रचली तरी तेच. शिवाय समोरचं क्षेत्रफळ वाढल्याने हवा जास्त अडते ते निराळंच.

कायदा इथे फार स्पष्ट आहे, म्हणून थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात परवानगीशिवाय बदल करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. इथे मालक हा शब्द महत्त्वाचा. वायर ड्रायव्हरने काढली म्हणून मालक सुटत नाही. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेसला गाडी न्यावी लागते. अपघात झालाच तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला विमा कंपनीला आयतं कारण मिळतं.

पिकअप वेगाने पळूच शकत नाही असं नाही. फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेत डॉज रॅम एसआरटी-१० या पिकअपने ताशी २४८ किलोमीटरपेक्षा जास्त वेग गाठून विक्रम केला होता. तिच्यात वायपर या स्पोर्ट्स कारचं ८.३ लिटरचं दहा सिलिंडरी इंजिन होतं. पण वाचण्यासारखी यादी इंजिनानंतरची आहे: गाडी खाली बसवलेली, ब्रेक मोठे, टायर खास, मागे हवा दाबणारा पंख. धावली ती कंपनीच्या बंद चाचणी-रस्त्यावर, हौद्यात केळी न भरता. आपल्याकडे अशा कामासाठी इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक २०२१ पासून आहे. इसुझु व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्ससारख्या पिकअप खासगी वाहन म्हणून घेतल्या तर त्यांना ८० चं कुलूप नसतं. त्या मुळातच त्या वेगासाठी घडवलेल्या आहेत आणि किमतीतही तो फरक दिसतो.

मग ज्याची गाडी ऐंशीलाही पोचत नाही, साठ-पासष्टलाच दमते, त्याने काय करावं? त्याची तक्रार मात्र रास्त आहे, आणि तिचं उत्तर बहुतेक वेळा कायदेशीर आणि स्वस्त असतं. धुळीने गच्च झालेला एअर फिल्टर, पाणी धरलेला डिझेल फिल्टर, टर्बोच्या नळीला गेलेली चीर, घसरणारी क्लच प्लेट, आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे घासत राहणारा ब्रेक. फेरीनंतर चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन पाहा, हात लावू नका. एक चाक इतरांपेक्षा जास्त गरम लागलं तर तिथे ब्रेक सुटत नाहीये, आणि इंजिनाची ताकद तिथे जळतेय. चाकांचं अलाइनमेंट बिघडलं की गाडी थोडी तिरपी ओढली जाते आणि टायरही खाते. ताडपत्री फडफडत असेल तर ती ताणून बांधा. मागचा फाळका उघडा टाकून पळणारी गाडी हवेत जास्त अडते. या दुरुस्त्यांनी गाडीने गमावलेला वेग परत मिळतो, आणि हाच वेग वाढवायचा जबाबदार मार्ग आहे.

शेवटी वेळेचा हिशेब. लातूर-नांदेडच्या १४० किलोमीटरपैकी १०० किलोमीटर रस्ता पूर्ण मोकळा मिळाला असं मानू, तसा तो मिळत नाही. ८० ने ते अंतर कापायला ७५ मिनिटं, १०० ने ६०. सगळा जीव टांगणीला लावून वाचली पंधरा मिनिटं. मुदखेडची फुलं हैदराबादच्या पहाटेच्या बाजाराला निघतात, त्यांना घाई खरीच असते. अर्धापूरची केळीही फार थांबत नाहीत. पण सोयाबीन? ते चार दिवस पोत्यात राहिलं तरी त्याचं काही बिघडत नाही. त्याच्या ड्रायव्हरला घाई असते ती सौदा निघायच्या आत बाजार समितीत पोचायची, आणि उशीर झालेला असतो हमाल वेळेवर न आल्याने, वजनकाट्यावर रांग लागल्याने, किंवा शेतातून माल संध्याकाळऐवजी रात्री निघाल्याने. अर्धा तास आधी भरून निघालेली, ७० ने चालणारी पिकअप अर्धा तास उशिरा निघालेल्या, १०० ने पळणाऱ्या पिकअपच्या आधी पोचते. मोकळ्या शंभर किलोमीटरवर दोघींमधला फरक २६ मिनिटांचा आहे.

म्हणून गाडीमालकांना एक विनंती. ड्रायव्हरला फेरीमागे पैसे देत असाल तर गाडी कधी भरून होईल याची जबाबदारी त्याच्यावर टाकू नका, ती तुम्ही घ्या. आणि पुढच्या वेळी गाडी मिस्त्रीकडे गेली की वेग खोलायला सांगण्याऐवजी जादा पाटे काढून एलएसपीव्हीची दांडी कंपनीच्या मापाने बसवून घ्या.